रोजची सर्दी ही सर्दी नसते : नाकाची ॲलर्जी, थेंब आणि फवारे

सोनचाफा | १२ ऑक्टोबर, रात्री १०:१४

पहाटे पावणेसहाला पाय जमिनीला लागले की शिंका सुरू. एकदोन नाही, सलग वीस-बावीस. मग नाकातून पाण्याची धार, डोळ्यांची आग, आणि टाळूला आतून अशी खाज की जीभ घासल्याशिवाय राहवत नाही. कणीक मळताना दंडाने नाक पुसायचं, मुलाचा डबा भरायचा, आणि नऊच्या सुमारास सगळं आपोआप थांबायचं. अकरा वर्षं माझी सकाळ अशी गेली. ताप कधीच नाही, अंगदुखी नाही, शेंबूड पिवळा-हिरवा नाही. नुसतं पाणी.

घरात, ऑफिसात सगळ्यांनी एकच सांगितलं, "तुला सायनस आहे." मीही तेच सांगत फिरले. वेखंडाचा लेप लावला, सुंठ-गुळाच्या गोळ्या खाल्ल्या, ओव्याची पुरचुंडी हुंगली, दही-केळी बंद केली. तात्पुरतं बरं वाटायचं.

मग कुणीतरी नाक मोकळं करणारे थेंब सुचवले. पहिल्या दिवशी थेंब टाकले आणि पाच मिनिटांत कित्येक वर्षांनी दोन्ही नाकपुड्यांतून श्वास आला. मला अक्षरशः रडू आलं होतं. ती छोटी बाटली मग उशाखाली, एक पर्समध्ये, एक ऑफिसच्या खणात. सुरुवातीला एकदा टाकले की रात्र निघायची. सहा महिन्यांनी दर चार तासांनी लागायला लागले, वर्षाने दर दोन तासांनी. अशी साडेतीन वर्षं गेली. दुकानदाराने कधी विचारलं नाही, मी कधी बाटलीवरचा बारीक मजकूर वाचला नाही.

मागच्या मे महिन्यात कोकणात नात्यातल्या लग्नाला गेलो होतो. रात्री बाटली संपली. दुकान दहा किलोमीटरवर, तेही बंद. आडवी झाले की नाक पार बंद व्हायचं, झोप लागली की जीव गुदमरून जाग यायची. शेवटी ओटीवर भिंतीला पाठ टेकून, तोंड उघडं ठेवून सकाळपर्यंत बसले. घसा कोरडा पडून गिळता येईना. पुण्याला परतल्यावर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले.

त्यांनी नाकात दुर्बीण घालून पडद्यावर मलाच दाखवलं. नाकाच्या बाजूच्या भिंतींवर मांसल घड्या असतात, आपण आत घेतलेली हवा त्या गरम आणि ओलसर करतात. माझ्या इतक्या सुजल्या होत्या की मधल्या पडद्याला टेकल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, दोन आजार आहेत. एक मूळचा, ॲलर्जीचा. दुसरा थेंबांनी केलेला.

नंतर हातावर ॲलर्जीची चाचणी झाली. कोपराच्या खालच्या भागावर पेनाने खुणा करून अर्कांचे थेंब ठेवतात आणि प्रत्येक थेंबातून त्वचेला हलकं टोचतात. रक्त येत नाही. पंधरा मिनिटं हात न खाजवता बसायचं. माझ्या हातावर धुळीतल्या किड्यांच्या खुणेला डास चावल्यासारखी मोठी गांध उठली, झुरळाला त्याहून लहान, गाजर गवताला मध्यम. बाकी गहू, दूध, केळं, सगळं सपाट. दही-केळी मी अकरा वर्षं उगाच सोडली होती.

आज साडेचार महिने झाले. थेंब पूर्ण बंद आहेत. सकाळी फार तर तीन-चार शिंका. हा धागा यासाठी काढला की माझ्यासारखे उशाखाली बाटली घेऊन झोपणारे इथे नक्की असतील. ज्यांना अनुभव आहे, ज्यांना शास्त्र ठाऊक आहे, त्यांनी लिहा.

---

उंबरठा | १२ ऑक्टोबर, रात्री १०:५१

ताई, हे वाचून उठून उशाखाली हात घातला. माझी आहे तिथे. दोन वर्षं झाली. एका डॉक्टरांनी फवारा लिहून दिला होता, पण त्यात स्टेरॉइड आहे असं कळल्यावर मी तो घेतलाच नाही. हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो, सवय लागते असं ऐकलंय. थेंबात निदान स्टेरॉइड नाही ना?

---

गोदाकाठ | १३ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

मी नाशिकला कान-नाक-घसा विभागात काम करते. उंबरठा यांचा प्रश्न मी आठवड्यातून दहा वेळा ऐकते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ॲलर्जी म्हणजे काय ते. आपलं शरीर एखाद्या निरुपद्रवी गोष्टीला, म्हणजे धुळीतल्या किड्याच्या विष्ठेला किंवा परागकणाला, शत्रू ठरवतं आणि तिच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्यं बनवतं. ही प्रतिद्रव्यं नाकाच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी तोच कण नाकात आला की त्या पेशी फुटतात आणि हिस्टामिन बाहेर पडतं. शिंका, खाज, पाणी ही त्याची पहिली लाट, काही मिनिटांत येणारी. चार ते आठ तासांनी दुसरी लाट येते. तेव्हा इतर पेशी गोळा होऊन अस्तर सुजतं आणि नाक चोंदतं. नुसती शिंकांची गोळी घेणाऱ्यांची तक्रार असते की "शिंका थांबल्या पण नाक बंदच". त्याचं कारण ही दुसरी लाट. तिच्यावर गोळीचा जोर कमी चालतो, फवाऱ्याचा जास्त.

"ॲलर्जी" हा शब्द क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या बालरोगतज्ज्ञाने १९०६ साली दिला. आयजीईचा शोध मात्र १९६६-६७ मधला, किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याचा. म्हणजे नेमकं काय घडतं हे कळून साठच वर्षं होताहेत. आपल्या आज्यांनी याला सर्दी म्हटलं यात त्यांची काही चूक नाही.

आता थेंब. त्यातलं ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन हे सुजलेल्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या आवळतं. म्हणून पाच मिनिटांत नाक उघडतं. औषधाचा असर ओसरला की त्या वाहिन्या पूर्वीपेक्षा जास्त फुगतात. मग परत थेंब. तीन दिवस, फार तर पाच, याच्यापुढे हे थेंब टाकूच नयेत. त्यापुढे थेंबच नाक बंद करायला लागतात. उंबरठा, सवय लागण्याची भीती तुम्ही फवाऱ्याला लावलीत, पण सवय लागते ती तुमच्या उशाखालच्या औषधाची.

फवाऱ्यातलं स्टेरॉइड, म्हणजे फ्लुटिकासोन, मोमेटासोन वगैरे, मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि ते नाकाच्या अस्तरावरच काम करतं. नव्या फवाऱ्यांतून रक्तात पोचणारं प्रमाण एक टक्क्याहून कमी. तुम्ही ऐकलेले दुष्परिणाम महिनोन्‌महिने पोटात घेतलेल्या गोळ्यांचे किंवा वारंवार घेतलेल्या इंजेक्शनांचे आहेत. नाकाच्या ॲलर्जीसाठी दर मोसमात स्टेरॉइडचं इंजेक्शन टोचून घेणारे लोक मी पाहते. त्याची खरंच भीती बाळगावी.

फवाऱ्याने पाच मिनिटांत काही होत नाही. थोडा फरक पहिल्या दिवसात-दोन दिवसांत, पूर्ण परिणाम यायला दोन आठवडे. "चार दिवस मारला, उपयोग नाही" म्हणून सोडलेले फवारे घरोघरी पडून आहेत.

---

सोनचाफा | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:२२

डॉक्टर, मनापासून आभार. फवारा मारायची रीत पण सांगाल का? मी पहिला महिना चुकीचाच मारत होते. मान मागे टाकून, जोरात ओढून. सगळं औषध घशात उतरून कडू लागायचं, आणि एकदा नाकातून रक्त आलं.

---

गोदाकाठ | १३ ऑक्टोबर, दुपारी २:०५

रीत चुकली की चांगलं औषध वाया जातं, म्हणून सांगतेच.

आधी नाक हलकेच शिंकरून किंवा मिठाच्या पाण्याने धुऊन घ्या. बाटली हलवा. मान किंचित पुढे, पायाच्या अंगठ्याकडे बघतो तशी. उजव्या नाकपुडीत मारताना बाटली डाव्या हातात धरा, डाव्या नाकपुडीत मारताना उजव्या. हात बदलला की नळीचं टोक आपोआप त्याच बाजूच्या कानाकडे वळतं. औषध पडायला हवं ते बाजूच्या भिंतीवर. मधल्या पडद्यावर रोज पडलं की तिथे खपली धरते आणि रक्त येतं. दाबताना फुलाचा वास घेतो इतकाच हळू श्वास. जोरात ओढलं की ते घशात जातं. झाल्यावर दहा मिनिटं शिंकरायचं नाही.

रक्त आलं तर दोन दिवस थांबा, रीत सुधारा, तरीही येत राहिलं तर दाखवा.

---

वाकळ | १३ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:३०

माझं वय एकाहत्तर. मिरजेला असते. धुळीतले किडे म्हणजे नेमकं काय? ढेकूण का? आम्ही गाद्या वर्षातून दोनदा गच्चीत टाकतो, दिवाळीच्या आधी माळा काढतो. माझ्या सुनेला दिवाळीच्या साफसफाईतच सगळ्यात जास्त त्रास होतो.

---

गोदाकाठ | १३ ऑक्टोबर, रात्री ९:१८

काकू, ढेकूण नाही. हा किडा डोळ्यांना दिसतच नाही, पाव मिलिमीटरचा असतो. चावत नाही, रक्त पीत नाही. आपल्या अंगाच्या कातडीचे बारीक कोंड्यासारखे तुकडे रोज झडतात, त्यावर तो जगतो. म्हणून त्याचं घर म्हणजे गादी, उशी, गोधडी, सोफा, मऊ खेळणी. पाणी तो पीत नाही, हवेतली ओल शोषतो. आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्याच्या लगेच नंतर त्याची चंगळ होते. त्रास त्याच्यापेक्षा त्याच्या विष्ठेचा होतो. गादी झटकली की ती हवेत उडते. नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी १९६४ साली धुळीच्या ॲलर्जीमागे हाच किडा आहे हे दाखवलं.

सोनचाफा यांना पहाटेच शिंका का येतात त्याचं एक कारण इथे सापडतं. सात तास तोंड त्या उशीत असतं.

कडक ऊन लागलं की गादी कोरडी होते आणि बरेच किडे मरतात. तुमची पद्धत चांगलीच आहे. पण मेलेल्या किड्यांची विष्ठा आत राहते, ती झटकून-धुऊनच जाते. चादरी, अभ्रे आठवड्यातून एकदा साठ अंश तापमानाच्या पाण्यात धुवा. आपल्या बंबातलं कढत पाणी चालतं. गोधडी धुता येते, कापसाची गादी येत नाही, म्हणून गादीला आणि उशीला घट्ट विणीची, चेन असलेली खोळ घालावी. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावं. सुनेला माळा काढायला लावू नका. तिने त्या दिवशी दुसरं काम घ्यावं आणि घरात नाकाला मास्क लावून राहावं.

एवढं करून शिंका पूर्ण थांबतील असं मात्र नाही. नुसती खोळ घातल्याने फारसा फरक पडत नाही, हे बरंच तपासून झालंय. साफसफाई आणि औषध जोडीने चालतात.

---

वाकळ | १४ ऑक्टोबर, सकाळी ७:०२

बाई, एकदम पटलं. यंदा माळा मी आणि धाकटा मुलगा काढू. तिला फराळाचं सांगते.

---

बांधावरचा | १४ ऑक्टोबर, रात्री ८:४५

मी सोलापूर जिल्ह्यातला शेतकरी. आमच्याकडे हा आजार शहरी समजतात. तसं नाही. आता सोयाबीनची मळणी चालू आहे. यंत्राच्या तोंडाशी उभा राहणारा माणूस संध्याकाळी डोळे लाल करून येतो, रात्रभर खोकतो. माझ्या चुलत भावाला गेल्या वर्षी दम लागला तेव्हा कळलं की आठ वर्षं नाकाकडे दुर्लक्ष केल्याचं ते फळ होतं. आता तो उपरण्याऐवजी मास्क लावतो. उपरण्यातून बारीक धूळ सगळी आत जाते, हे त्याने स्वतः दाखवलं. दिवसभराने उपरणं सोडलं तर मिशांखाली आणि नाकात काळी रेघ. मास्क लावल्यावर ती नाही.

दुसरं गाजर गवत. आमच्याकडे काँग्रेस म्हणतात. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात पहिल्यांदा ठळकपणे नोंदवलं गेलं, अमेरिकेतून आयात केलेल्या गव्हाबरोबर आलं असं मानतात. आज असा बांध दाखवा जिथे ते नाही. पांढरी फुलं आली की ते उपटू नका. फुलावर आलेलं गवत उपटताना पराग थेट तोंडावर येतो, आणि अंगाला लागलं तर कातडीही उतते. फूल येण्याआधी, पाऊस पडून जमीन मऊ असताना, हातमोजे घालून मुळासकट काढायचं. त्याची पानं खाणारे मेक्सिकन भुंगेरे आहेत, १९८४ साली भारतात सोडले. आमच्या बांधावर पावसाळ्यात दिसतात, पानांची चाळण करतात. त्यांच्यावर चुकूनही फवारणी करू नका.

ऊस तुटल्यावर पाचट जाळतात त्याचं पण लिहा कुणीतरी. जानेवारीत आमच्या गावावर सकाळी धुराची चादर असते. शाळेतली निम्मी पोरं नाक ओढत असतात.

---

गोदाकाठ | १४ ऑक्टोबर, रात्री १०:३०

बांधावरचा, तुमच्या भावाची गोष्ट प्रत्येक रुग्णाला सांगावी अशी आहे. नाक आणि फुप्फुस ही एकाच वाटेची दोन टोकं. दम्याच्या बहुतेक रुग्णांना नाकाची ॲलर्जीही असते, आणि नाकाची ॲलर्जी असलेल्यांतल्या बऱ्याच जणांना पुढे दमा होतो. नाक ताब्यात आलं की दमाही सोपा जातो. शिंकांबरोबर छातीत घरघर, रात्रीचा कोरडा खोकला, जिना चढताना दम असं काहीही असेल तर फुप्फुसांचा जोर बघणारी फुंकण्याची तपासणी करून घ्या.

पाचटाचा धूर, उदबत्ती, डासांची कॉइल, अत्तर, रंगाचा वास यांची बहुधा ॲलर्जी नसते, पण आधीच सुजलेल्या नाकाला ती चटकन झोंबतात. सध्या रात्री सातविणीच्या फुलांचा वास सुटलाय. त्याने डोकं उठणारे अनेक जण येतात. काहींचं नाक निव्वळ थंड हवेने, वासाने किंवा तिखट रश्श्याने वाहतं, आणि चाचणीत काहीच निघत नाही. तो वेगळा प्रकार, त्याचं औषधही थोडं वेगळं.

---

सूर्यनाडी | १५ ऑक्टोबर, सकाळी ५:५५

मी तीस वर्षं योग शिकवतो. जलनेतीबद्दल लिहावंसं वाटतं, कारण ती चुकीची करणारे खूप दिसतात.

अर्धा लिटर पाण्यात एक सपाट छोटा चमचा मीठ, त्याहूनही किंचित कमी. पाणी डोळ्यांतल्या अश्रूंइतकं खारट लागलं पाहिजे. कमी मीठ असेल तर नाकात झोंबतं आणि लोक घाबरून सोडतात. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं. विहिरीचं, टाकीचं, नळाचं तसंच वापरायचं नाही. न उकळलेल्या पाण्यातला एक अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. हे फार क्वचित घडतं, पण घडलं तर माणूस सहसा वाचत नाही. लोटी रोज घासून पूर्ण कोरडी करायची.

पुढे वाकून, डोकं एका बाजूला कलतं करून, तोंडाने श्वास घेत वरच्या नाकपुडीत पाणी सोडायचं. ते खालच्या नाकपुडीतून येतं. नंतर पुढे वाकून हलके श्वास सोडून उरलेलं पाणी काढायचं. नाकपुडी दाबून जोरात शिंकरलं तर पाणी कानात जातं. नाक पूर्ण बंद असताना, कान दुखत असताना करू नये.

आणखी एक. पुष्कळ लोक म्हणतात, "माझी कधी डावी नाकपुडी बंद असते, कधी उजवी." हे निरोगी माणसाचंही होतं. दर काही तासांनी एका बाजूचं अस्तर फुगतं, दुसऱ्या बाजूचं उतरतं. आपल्याकडे स्वर पाहणारे लोक इडा-पिंगळा म्हणून हे पूर्वीपासून जाणतात. दोन्ही एकदम बंद राहत असतील तर मात्र तो आजार.

---

गोदाकाठ | १५ ऑक्टोबर, सकाळी ८:११

गुरुजी, अतिशय नेमकं लिहिलंत. मीही रुग्णांना हेच सांगते. आधी नेती, मग पंधरा मिनिटांनी फवारा. धुतलेल्या भिंतीवर औषध चांगलं बसतं.

---

दुहेरी_वेणी | १६ ऑक्टोबर, दुपारी १२:२०

माझी मुलगी आठ वर्षांची. सारखं तळहाताने नाक खालून वर चोळते. नाकावर आडवी रेघ उमटलीय. डोळ्यांखाली काळं. रात्री तोंड उघडं ठेवून घोरते. शाळेत बाई म्हणतात लक्ष नसतं. मी तिला दुकानातून सर्दीचं सिरप आणून देते, ते घेतलं की ती दिवसभर पेंगते. एकदा ॲलर्जीची गोळी दिली होती, मॉन्टेलुकास्टची. त्या महिन्यात तिला रोज भयंकर स्वप्नं पडत होती. मला वाटलं शाळा बदलल्यामुळे असेल.

---

गोदाकाठ | १६ ऑक्टोबर, रात्री ९:४०

तुमची पोस्ट दोनदा वाचली. तुम्ही जे जे पाहिलंत ते सगळं महत्त्वाचं आहे.

नाकावरची रेघ, डोळ्यांखालचं काळं आणि उघडं तोंड ही तिन्ही एकत्र असली की ॲलर्जीचा संशय दाट होतो. घोरते आहे म्हणजे नाकामागची ॲडेनॉइडची गाठ वाढली आहे का तेही बघायला हवं. रात्री नीट श्वास नाही, म्हणून गाढ झोप नाही, म्हणून वर्गात लक्ष नाही. ती आळशी नाही, हे बाईंना जाऊन सांगा.

सर्दीच्या सिरपमध्ये सहसा क्लोरफेनिरामिन असतं. त्याने झोप येते आणि अभ्यास आणखी मागे पडतो. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली सिरपं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत असा आदेश आपल्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात काढलाय. मोठ्या मुलांनाही ती रोज द्यायची वस्तू नाही. खाज-शिंकांसाठी कमी गुंगीची औषधं आहेत, आणि दोन वर्षांपुढच्या मुलांना चालतील असे फवारे आहेत. ते वजन-वय बघून बालरोगतज्ज्ञ लिहून देतील. फवारा सुरू असताना मधूनमधून उंची मोजायची, एवढी काळजी पुरते.

मॉन्टेलुकास्टचं मुद्दाम सांगते. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याच्या वेष्टणावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. दुःस्वप्नं, चिडचिड, नैराश्य, आत्महत्येचे विचार. सगळ्यांना होतं असं नाही, अनेकांना ते सोसतं. पण नुसत्या नाकाच्या ॲलर्जीसाठी ते पहिलं औषध नाही. आपल्याकडे मात्र ते लिव्होसेटिरिझिन या शिंकांच्या औषधाबरोबर एकाच गोळीत सर्रास दिलं जातं. तुमच्या मुलीला पुन्हा कुणी लिहून दिलं तर ती स्वप्नांची गोष्ट डॉक्टरांना आधी सांगा.

---

दुहेरी_वेणी | १६ ऑक्टोबर, रात्री १०:०३

मी तिला त्या महिन्यात रागावत होते की उगाच घाबरतेस. उद्याच अपॉइंटमेंट घेते.

---

राय_गवत | १७ ऑक्टोबर, दुपारी ३:३५

मेलबर्नहून. मूळची साताऱ्याची. इथे आता वसंत आहे, परागाचा मोसम सुरू झालाय.

साताऱ्यात मला कधी शिंक आली नाही. इथे आल्यावर पहिले दोन वसंत छान गेले. तिसऱ्या वर्षी डोळे इतके सुजले की उघडेनात. इथल्या डॉक्टरांनी समजावलं की शरीराला नव्या परागाची ओळख होऊन प्रतिद्रव्यं बनायला एक-दोन मोसम जातात. म्हणजे नवीन आलेल्यांनी "मला नाही होत" असं धरून चालू नये.

२१ नोव्हेंबर २०१६ ची संध्याकाळ मी विसरणार नाही. दिवसभर उकाडा, मग वादळ. राय गवताचे परागकण एरवी मोठे असतात, नाकातच अडकतात. वादळाच्या ओलाव्यात ते फुटले आणि त्यांचे बारीक तुकडे थेट फुप्फुसात गेले. काही तासांत हजारो लोक रुग्णालयांत पोचले, रुग्णवाहिका पुरेनात. दहा माणसं गेली. त्रास झालेल्यांत भारतीय आणि दक्षिण आशियाई वंशाचे लोक लोकसंख्येच्या मानाने खूप जास्त होते. पुष्कळांना आधी दमा आहे हे माहीतच नव्हतं, नुसती वसंतातली शिंकाशिंकी होती. माझ्या शेजारच्या मराठी कुटुंबातला मुलगा त्या रात्री अंगणात उभा राहून श्वासासाठी धडपडत होता. तो वाचला.

आता ऑक्टोबर ते डिसेंबर इथे अशा वादळाचा अंदाज रोज जाहीर होतो. इथे विद्यार्थी म्हणून येणाऱ्या मुलांना कृपा करून सांगा : वसंतात शिंका येत असतील तर फवारा सप्टेंबरमध्येच सुरू करा, दम्याची तपासणी करून घ्या, आणि धोक्याच्या दिवशी वादळ येताना घरात, खिडक्या लावून बसा.

---

तीन_वर्षं | १८ ऑक्टोबर, सकाळी ११:१०

कुणीच इम्युनोथेरपीबद्दल लिहिलं नाही, म्हणून लिहितो. मी धुळीच्या किड्यांसाठी तीन वर्षं घेतली. ज्याची ॲलर्जी त्याचाच अर्क अगदी अल्प प्रमाणात सुरू करून वाढवत नेतात. त्वचेखाली टोचतात किंवा जिभेखाली ठेवतात. मी टोचून घेतलं. प्रत्येक टोचणीनंतर अर्धा तास दवाखान्यातच बसवून ठेवायचे. क्वचित अंगभर तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, ती आवरायला ॲड्रेनलिनचं इंजेक्शन हाताशी हवं. जिथे टोचून लगेच घरी पाठवतात तिथे घेऊ नका.

पहिले सहा महिने काही फरक वाटला नाही. दुसऱ्या पावसाळ्यात गोळ्या निम्म्यावर आल्या. आता बंद करून दोन वर्षं झाली, फवारा फक्त जुलै-ऑगस्टमध्ये लागतो. खर्च आणि हेलपाटे दोन्ही मोठे. तीन ते पाच वर्षं नेटाने जाणार असाल तरच सुरू करा.

चाचणीबद्दल एक. चाचणीआधी आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर गांध उठतच नाही. माझी पहिली चाचणी त्यामुळे वाया गेली.

---

गोदाकाठ | १८ ऑक्टोबर, रात्री ९:२५

बरोबर. फवारा मात्र बंद करायची गरज नसते. आणि चाचणीच्या नावाखाली केस तपासून किंवा रक्तातल्या आयजीजीवरून (ही आयजीईहून वेगळी प्रतिद्रव्यं) दोनशे पदार्थांची यादी देणारे अहवाल निघालेत. त्यावरून ॲलर्जी कळत नाही. मुलांचं दूध-अंडी बंद करून वजन घटवलेले पालक माझ्याकडे येतात.

घरगुती उपचार थांबवून लगेच दाखवायला यावं अशी काही लक्षणं लिहून ठेवते. एकाच बाजूचं नाक सतत बंद, किंवा एकाच बाजूने रक्त. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव : बहुतेक वेळा आत मणी, शेंगदाणा किंवा खेळण्यातली बटणाएवढी बॅटरी निघते. बॅटरी असेल तर काही तासांत अस्तर जळतं, तेव्हा रात्र असली तरी या. डोक्याला मार लागल्यानंतर एका बाजूने स्वच्छ पाणी गळणं. मधुमेह असताना चेहऱ्याची एक बाजू दुखणं-सुजणं, नाकात काळी खपली. २०२१ मध्ये करोनानंतर आपण काळी बुरशी पाहिली आहे, तिथे एक दिवसही महाग पडतो.

---

उंबरठा | १९ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

फवारा घेतला. रीत वर लिहिल्याप्रमाणे. पण थेंब एकदम सोडले तर रात्र कशी काढू? परवा प्रयत्न केला, अडीच वाजता उठून टाकलेच. सोनचाफाताई, तुम्ही कसे सोडलेत?

---

सोनचाफा | १९ ऑक्टोबर, सकाळी ९:४८

मला डॉक्टरांनी एका बाजूने सोडायला सांगितलं होतं. दोन्ही नाकपुड्यांत फवारा रोज सुरू केला. आठ दिवसांनी उजव्या नाकपुडीत थेंब टाकणं बंद, डाव्या नाकपुडीत टाकत राहायचं. म्हणजे एक बाजू उघडी राहते, जीव घाबरत नाही. उजवी बाजू चार दिवस दगडासारखी बंद होती. पाचव्या रात्री थोडी हवा आली. तेराव्या दिवशी उजवी पूर्ण मोकळी झाली, तेव्हा डाव्या बाजूचे थेंब सोडले. डावी लवकर सुटली, आठ दिवसांत.

त्या दिवसांत मी दोन उशा घेऊन झोपायचे, डोकं उंच. झोपायच्या आधी नेती, मग फवारा. पलंगाशेजारी पाण्याचा तांब्या, कारण तोंडाने श्वास घेऊन घसा वाळतो. बाटल्या तिन्ही नवऱ्याकडे दिल्या होत्या. तिसऱ्या रात्री मी मागितली, त्यांनी दिली नाही. उठून माझ्याबरोबर गॅलरीत बसले, चारपर्यंत.

तुमच्या घरी कुणी असेल तर बाटली त्यांच्याकडे द्या. आणि आज पहिली रात्र असेल तर इथे लिहा. मी साडेपाचला उठतेच, बघेन.

---

उंबरठा | २० ऑक्टोबर, पहाटे ५:२०

उजवी बंद आहे. डावीतून श्वास येतोय. बाटली आईकडे दिलीय, तिने ती फडताळात कुलपात ठेवली.

---

सोनचाफा | २० ऑक्टोबर, पहाटे ५:३४

वाचलं. चार दिवस जड जातील. नेतीचं पाणी रात्रीच उकळून झाकून ठेवा, सकाळी नुसतं कोमट करायचं.